चूक माजी

दादाच्या हाताखालचा एक माणूस मेला, हे दादानेच आम्हाला फोनवर सांगितलं. दादा आफ्रिकेतल्या एका देशात होता. देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण दादा अजून तिथेच आहे. समुद्रकाठी एक चिनी कंपनी नवं बंदर बांधत होती आणि तिथल्या एका सपाट मालवाहू बार्जवर दादा सेरंग होता, म्हणजे डेकवरच्या माणसांचा मुकादम. बार्ज धक्क्याला बांधताना ताणलेला दोर तुटला आणि उलटा येऊन एका खलाशाच्या छातीवर बसला. तो त्याच किनाऱ्यावरच्या गावचा, दादापेक्षा लहान. दादा म्हणाला, तो पडल्यावर आधी कोणाला कळलंच नाही, सगळे दोराकडे बघत होते.

आई जमिनीवर बसली. बाबांनी फोन माझ्या हातून घेतला.

बाबा आमच्या वाडीच्या रापणीचे तांडेल होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते जाळं समुद्रात गोल टाकून येते आणि मग वाडीतली माणसं दोन्ही बाजूंचे दोर धरून ओढतात. होडी कधी घालायची, कुठे घालायची, हे तांडेल ठरवतो. आता रापण वर्षातून मोजके दिवस होते, बाकी पर्यटक दोर धरून फोटो काढतात. पण बाबांना अजून सगळे तांडेलच म्हणतात. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं, दादाला समुद्रावर पाठवलं. मी कुडाळला एका काजूच्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकांच्या ईमेलना उत्तरं लिहिते. समोर माणूस नसेल तर मला बरं बोलता येतं.

दोन-तीन दिवसांनी दादाचा पुन्हा फोन आला. पासपोर्ट कंपनीने आधीच ठेवून घेतला होता. आता त्याला बंदराच्या हद्दीबाहेर जायलाही मनाई झाली होती. चौकशी पोलिसांकडे नव्हती. बंदराच्या हद्दीसाठी वेगळा कायदा होता, वेगळं न्यायमंडळ होतं, आणि सुनावणी त्यांच्यापुढे व्हायची होती.

"बाबा, दोर जुनो झालेलो," दादा म्हणाला. "मी इंजिनियराक सांगितलेलंय. तो म्हणालो, ह्या आठवड्यात हाच वापर."

"जुनो तर जुनो," बाबा म्हणाले. "दोर धरलेलो कोणी? तुज्या माणसांनी. तुज्या माणसांच्या हातात असता तेवा तो दोर तुजो."

"हयचे लोक माका सांगतत, कबूल कर, म्हणजे शिक्षेत सवलत मेळात."

"सवलतीचा सोड. सगळ्यांच्या फुड्यात उभो रव आणि सांग, चूक माजी. तांडेल तू आसस मा?"

मी मध्ये बोलले. मी घरात फारशी बोलत नाही, म्हणून दोघंही थांबले. मी म्हटलं, दादा, वकील भेटेपर्यंत काही कबूल करू नकोस, इंजिनियरला सांगितलं होतंस तेच सांग.

"तू गप रव गो," बाबा म्हणाले. "ही तुज्या इंग्रजी शाळेतली गजाल नाय."

फोन ठेवल्यावर आई बाबांना म्हणाली, "झिलाक खोटा बोलूक सांगतास काय?" मी नंतर दादाला माझं म्हणणं मेसेजमध्ये लिहून पाठवलं. त्याने उत्तर दिलं, 'बाबा म्हणतत तसा करतंय.'

बाबा असं का म्हणाले, हे आमच्या वाडीत कोणालाही सांगावं लागलं नसतं. रापणीत काही वाईट झालं, जाळं गेलं, होडी फुटली, माणूस गेला, तर दुसऱ्या दिवशी सगळी माणसं मांगरात जमतात. मांगर म्हणजे होड्या आणि जाळी ठेवायची किनाऱ्यावरची झापांची शेड. तांडेल उभा राहतो आणि म्हणतो, चूक माजी. मग होडीचा मालक म्हणतो, माजी पण. मग वल्हं मारणारे, मग दोर ओढणारे, शेवटी टोपल्या घेऊन आलेल्या बायकासुद्धा. सगळ्यांचं म्हणून झालं की नारळ फोडतात. त्यानंतर ती चूक कोणाची होती हे कोणी कोणाला विचारायचं नाही. झालेलं नुकसान सगळ्यांचं.

मी हे एकदाच पाहिलं आहे. शाळेतून आले होते, अंगावर गणवेश तसाच होता आणि आईने मला बाजूला धरून ठेवलं होतं. आदल्या दिवशी समुद्र खराब असताना होडी घातली आणि लाटांत उलटली. पलीकडच्या घरातल्या काकीचा मुलगा बुडाला. बाबा नको म्हणत होते. होडीच्या मालकाने ऐकलं नाही, कारण मासळी न्यायला टेम्पो येऊन उभा होता. हे सगळ्या वाडीला माहीत होतं. तरी बाबा उभे राहिले आणि म्हणाले, चूक माजी. मालक म्हणाला, माजी पण. त्याचा आवाज चांगला खणखणीत होता, मला आठवतं. काकी शेवटी बसली होती. तिची पाळी आली तेव्हा तीही म्हणाली.

सुनावणी भर दुपारी होती, आमच्या वेळेने. न्यायमंडळाने घरच्यांसाठी लिंक पाठवली होती. आईने तांदळाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. शेजारचे दोन काका आले होते. एकजण म्हणाला, "इंग्रजी मिडियमचा चेडू आसा मा घरात, चायनाक फोन लावून सोडव म्हणा भावाक." दुसरा हसला. आईने त्यांना चहा दिला नाही.

पडद्यावर चौकोन होते. मंडळाचे तीन लोक, दोन तिथलेच, त्यांत एक बाई, आणि एक चिनी गृहस्थ. इंजिनियर एका चौकोनात, दुभाषे दुसऱ्यात. दादा एका पांढऱ्या भिंतीसमोर, शर्टाची वरची गुंडी लावलेली. त्याच्या बाजूला मंडळानेच दिलेली वकील, एक तरुण बाई.

दादा उभा राहिला. बसायला सांगितलं तरी उभाच राहिला. त्याच्या बोटीवरच्या इंग्रजीत म्हणाला की चूक माझी होती. दुभाष्याने ते चिनीत सांगितलं. कोणीतरी टाइप करत होतं.

बाबा पुढे झुकले. ते वाट बघत होते. मला आधी कळलं नाही कशाची, मग कळलं. ते इंजिनियरच्या चौकोनाकडे बघत होते. तो आता बोलेल असं त्यांना वाटत होतं. इंजिनियरने चष्मा काढून पुसला. मग त्याचा चौकोन बंद झाला.

"गेलो खंय तो?" बाबांनी मला विचारलं. "तेका काय नाय बोलूचा?"

मी म्हटलं, त्याचं काम संपलं.

शिक्षा त्याच दिवशी सांगितली. चार वर्षं. कबुली दिली म्हणून एवढी कमी, असं मंडळाच्या बाईंनी दोनदा सांगितलं. काका उठून गेले. जाताना कोणाला विनोद सुचला नाही.

मी त्या वकिलीण बाईंना ईमेल लिहिला. त्यांनी उत्तर दिलं आणि मग फोनही केला. मला वाटलं होतं त्या कंपनीच्या बाजूने असतील. त्या फक्त दमलेल्या वाटल्या. त्यांचं वकिलीचं पुढचं शिक्षण चीनमध्ये झालं होतं, शिष्यवृत्तीवर. त्यांच्या देशातले न्यायाधीश, सरकारी वकील, कायदे लिहिणारे अधिकारीही आता प्रशिक्षणाला तिकडेच जातात. बंदर आलं तेव्हा कर्ज आलं, क्रेन आल्या, आणि बंदराच्या हद्दीचे नियमही आले. आरोपीने कबुली द्यायची, शिक्षा मान्य करायची, त्या बदल्यात सवलत घ्यायची, हा नियम चीनमधल्याच धर्तीवर केलेला. खटले लवकर निकालात निघतात. सगळे त्याचं कौतुक करतात, त्या म्हणाल्या.

मी विचारलं, दोर जुना होता, त्याचं काय?

"तुमच्या भावाने कबूल केलं नसतं, तर दोर बदलायची जबाबदारी कोणाची, हे मंडळाला शोधावं लागलं असतं. इंजिनियरला प्रश्न विचारावे लागले असते. कबुली आली की शोधायचं काही उरत नाही. मी त्याला हे सांगितलं होतं. तो म्हणाला, वडिलांनी सांगितलंय."

मग त्या म्हणाल्या, "पूर्वी आमच्याकडे इंग्रजांचा कायदा होता. तो आम्ही मागितला नव्हता. हा आम्ही मागून घेतलाय, असं आमचे मंत्री सांगतात. तुमच्याकडचा कुठून आला?"

मला राग आला होता, पण कोणावर ते नीट कळत नव्हतं.

त्यानंतर मी रजा काढून जिल्ह्याच्या कार्यालयात गेले. तिथले साहेब बरे होते. त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बघा ताई, आपला माणूस असला तरी तिकडचा कायदा तिकडे. आपल्याला विनंती करता येते." विनंती वर गेली. दूतावासाकडून उत्तर आलं की निकाल त्या देशाच्या कायद्याप्रमाणे झाला आहे आणि कैद्याची प्रकृती चांगली आहे.

वकिलीण बाईंनी एक वाट सांगितली. एकच होती. कबुली चुकीच्या समजुतीतून दिली गेली, असं मंडळाला पटलं तर ती रद्द होऊन खटला पुन्हा उभा राहू शकत होता. त्यासाठी ज्याने ती द्यायला सांगितली त्याने मंडळापुढे येऊन बोलायचं. म्हणजे बाबांनी. त्यांनी सांगायचं की आमच्याकडे अशी रीत आहे, काही झालं की मुख्य माणूस असं म्हणतो, आणि त्याचा अर्थ चूक खरोखर त्याची होती असा नसतो.

मी हे बाबांना समजावून सांगितलं. ते बराच वेळ जाळ्याच्या एका तुकड्याची गाठ सोडवत बसले.

"म्हणजे मी सांगूचा, आमी खोटा बोलतो."

"खोटं नाही बाबा. रीत म्हणून बोलतो."

"तुजी आवस तेवा काय म्हणाली? झिलाक खोटा बोलूक सांगतास काय."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मी तेवा बोललंय ता आता कित्या? झील परत येवक होयो. तुमी काय पण बोला."

बाबा तयार झाले. पण सुनावणीआधी ते काकीकडे गेले. मला बरोबर नेलं, का ते माहीत नाही. काकी अंगणात पाटीवर बांगडे निवडत होती. अजूनही ती बाजारात बसते. बाबांनी तिला सगळं सांगितलं. आपण काय बोलणार आहोत तेही. ती हात थांबवत नव्हती.

"वयनी, माजो झील आत आसा," बाबा म्हणाले.

"माका म्हायत आसा. माजो पण होतो."

बाबा अंगणाच्या कडेला टेकले.

"मी तेवा गप रवलंय," काकी म्हणाली. "कित्या? तू एकटो उभो रवलंस म्हणान. म्हटलंय, ह्यो माणूस आपल्या अंगार घेता, मगे आपण काय इचारूचा नाय. माज्या झिलाचा नाव घेवन मी सुदा म्हटलंय, माजी पण. आता तू थय सांगतलस, ती चूक तुजी नव्हती. बरा. सांग. मगे कोणाची होती, ता पण सांग. माका आयकूचा आसा रे, तांडेला."

तिने मान वर करून माडांच्या पलीकडे बघितलं. तिकडे होडीच्या मालकाचं आता पर्यटकांचं निवास आणि स्कूबाचं दुकान आहे. त्याचे मुलगे ते चालवतात. वाडीतली निम्मी पोरं तिथे कामाला जातात.

"ता वेगळा, वयनी."

"काय वेगळा? बोलणारो तूच. शब्द तेच."

घरी येताना बाबा किनाऱ्याने आले, मी रस्त्याने. त्यांना माझ्याशी बोलायचं नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. या वेळी मी त्यांच्या शेजारी पण चौकटीच्या बाहेर बसले. मंडळाने हिंदीचा दुभाषा दिला होता, घरच्या कोणी मध्ये बोलायचं नाही असा नियम होता. पडद्यावर दादा पुन्हा त्याच भिंतीसमोर. बारीक झाला होता. केस कापले होते.

बाबा हिंदीत बोलले. त्यांची हिंदी मुंबईच्या धक्क्यावरच्या जुन्या कामातली. त्यांनी रीत सांगितली, मांगराचं सांगितलं, नारळाचं सांगितलं. वकिलीण बाईंनी त्यांना शिकवल्याप्रमाणे म्हणाले की मीच मुलाला असं बोलायला सांगितलं. चांगलं चाललं होतं. मंडळाच्या बाई लिहून घेत होत्या. चिनी गृहस्थाने दोन प्रश्न विचारले, ते रीतीबद्दलच होते. ही रीत लिहिलेली आहे का, आणि किती गावांत आहे. बाबा म्हणाले, लिहिलेली नाही. गावं मोजली नाहीत.

मग मंडळाच्या बाईंनी विचारलं, आणि दुभाष्याने ते अगदी साध्या हिंदीत सांगितलं: म्हणजे तुमच्या मते तुमच्या मुलाची चूक नव्हती?

एवढंच म्हणायचं होतं, की नव्हती. आई दारात उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला होता. वकिलीण बाई पडद्यावरून बाबांकडे बघत होत्या. मी बाबांच्या गुडघ्याला हात लावला. तेवढा नियम मी मोडला.

बाबांनी दादाकडे पाहिलं. मग मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. तिथून काकीचं घर दिसतं.

"एक आदमी मरा है, बाई," ते म्हणाले. "गलती तांडेल का नहीं तो किसका होएंगा?"

दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं, बरोबर सांगितलं. टाइप करणाऱ्याने टाइप केलं. दादाने खाली बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. दिसला असता तर मला बरं वाटलं असतं.

अर्ज फेटाळल्याचं वकिलीण बाईंनी त्याच आठवड्यात कळवलं. शिक्षा मान्य केलेल्याला पुढे अपील नसतं, हे त्यांनी खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं. मी ते आईला सांगितलं. आई बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"एक शब्द," ती म्हणाली. "एक शब्द बोलूचो होतो तुमका."

आई त्यांना वेळेवर जेवायला वाढते. त्यानंतर तिने त्यांच्याशी बोलणं जवळपास बंद केलं आहे. निरोप माझ्यामार्फत जातात.

मी काय केलं असतं, याचा मी खूप विचार केला. मी 'नव्हती' म्हटलं असतं. लगेच, कोणत्याही भाषेत. आणि मग काकीच्या दारावरून रोज कुडाळच्या एसटीला गेले असते, तेही जमलं असतं मला. बाबांना जमलं नसतं. मी त्यांच्यावर रागावले आहे आणि ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

तुरुंगातून दादाला महिन्यातून एकदा थोडा वेळ फोन मिळतो. पहिल्या वेळी आई बोलली, मी बोलले. बाबा मागच्या पडवीत जाऊन बसले. दुसऱ्या वेळीही तसंच. गेल्या वेळी दादा म्हणाला, बाबांना दे. मी फोन पडवीत नेला. स्पीकर चालूच राहिला, कारण बाबांना तो बंद करता येत नाही.

"कसो आसस?" बाबा म्हणाले.

"बरो आसंय."

"त्या झिलाच्या घराक गेलेलंस काय?"

दोर लागून मेला त्या खलाशाबद्दल ते विचारत होते. आमच्याकडे तांडेलाने त्या घरी जायचं असतं. बाबा काकीकडे कितीतरी वर्षं पहिल्या ओढीची मासळी घेऊन जात होते.

"नाय, बाबा. सोडनत नाय."

"मगे कोणाक तरी धाड. तेच्या आवशीक निरोप दी."

मी हे वकिलीण बाईंना लिहिलं. त्या घराचा पत्ता मागितला, माझा भाऊ आणि माझे वडील त्यांना निरोप पाठवू इच्छितात असं लिहिलं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. नियमाप्रमाणे दोषी आणि मृताचे कुटुंब यांच्यात संपर्क करता येत नाही. भरपाईबद्दल समझोता झाला आहे आणि दोन्ही बाजूंनी प्रकरण मिटल्याचं मान्य केलं आहे. खाली त्यांनी स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं: त्या खलाशाची आई अजून मंडळाच्या फाटकाशी येऊन बसते, आणि तिला काय सांगायचं हे पहारेकरी आम्हाला विचारतात.

मी ते बाबांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं.

"आणि हे लोक काय सांगतत तिका?" त्यांनी विचारलं.

तेवढं ईमेलमध्ये नव्हतं.